आपला तो हक्क, दुसऱ्याचं ते फुकट

"बाई, ही पिढी काही कामाची नाही," असं भिंतीपलीकडून ऐकू आलं की समजायचं, अण्णांचा पेपर वाचून झाला. मला शाळेची घाई असते, डबा भरायचा असतो. पण भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहिलेल्या माणसाला उत्तर न देता आत जाणं साताऱ्यात शोभत नाही. मग मीही कणकेचे हात घेऊन बाहेर येते आणि विचारते, "कुठली पिढी अण्णा? माझी, का माझ्या पोराची?"

"दोन्ही. पण तुमचं वय बघता तुम्हाला थोडी सवलत."

अण्णा महसूल खात्यातले. बहात्तरच्या दुष्काळात कारकून म्हणून लागले आणि २००८ साली अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी पंचाहत्तरी झाली, तरी पाठ ताठ आहे आणि आयुष्यात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच कपाटातल्या फायलीत लावलेली आहे. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, नोकरीला लागले २००६ साली. आमचा मोठा तेवीस वर्षांचा आहे. पदवी झाली, पोलीस भरतीचं ग्राउंड मारून झालं, तलाठ्याचा फॉर्म भरून झाला आणि सध्या संध्याकाळी मोटारसायकलवरून लोकांची जेवणं पोचवतो. अण्णांची पेन्शन चालू आहे. माझी सुरूच झाली नाही. आणि आमच्या पोराने पेन्शन फक्त मोर्च्याच्या घोषणेत ऐकली आहे. असे तिघं एका भिंतीला टेकल्यावर गप्पांना विषय शोधावा लागत नाही.

डिसेंबरात निमित्त झालं मावशींचं. दोन्ही घरांची धुणीभांडी त्याच करतात. त्या दिवशी त्या ऊन वर आल्यावर उगवल्या, कारण लाडक्या बहिणीची ई-केवायसी करायला सकाळपासून रांगेत होत्या आणि सर्व्हर डाऊन होता.

"बघा!" अण्णांना जणू पुरावाच मिळाला. "महिन्याला पंधराशे रुपये घरबसल्या मिळायला लागल्यावर भांडी कोण घासणार? २०२४ च्या जुलैत योजना आली तेव्हाच मी म्हणालो होतो, आता कामाला माणूस मिळायचं नाही."

"पण मावशी येतायत की अण्णा अजून."

"येतायत, पण उशिरा."

मावशी नळाखाली पातेलं धरून सगळं ऐकत होत्या. "अण्णा, पंधराशे म्हंजी दिसाला पन्नास. पन्नासात मीठमिरची येती, सिलिंडर न्हाय येत. मी घरी बसते, पोरीच्या क्लासची फी तुमी भरताय का?" अण्णा गप्प. मावशींनी पातेलं पालथं घातलं आणि पुढे म्हणाल्या, "एक मातुर झालं. पैशे माझ्या नावच्या खात्यात येत्यात. मालक रोज इचारत्यात, आलं का गं पैशे? मी म्हनते, सर्व्हर डाऊन हाय."

आणखीही एक गोष्ट झाली आहे. ती मावशी बोलल्या नाहीत म्हणून मीच सांगते. पूर्वी दोनशे रुपये वाढवून मागायचे तर त्या चार दिवस दारात घुटमळायच्या. गेल्या दिवाळीत मात्र सरळ म्हणाल्या, "पुढल्या म्हैन्यापास्नं वाढवा, न्हायतर दोनातलं एक घर मी सोडनार." अण्णांना जो आळस दिसतो तो हाच. हाताशी थोडे पैसे असले की माणूस पहिल्या बोलीला मान डोलवत नाही. काम सोडत नाही, फक्त पडेल भावात करत नाही. काम देणाऱ्याला या दोन्हींतला फरक कधी दिसत नाही, मग तो गिरणीचा मालक असो नाहीतर आम्ही दोन बिऱ्हाडं.

काकूंचं दुःख वेगळंच. योजनेला वयाची अट २१ ते ६५, आणि काकू सत्तरीच्या. "सरकारला मी लाडकी बी न्हाय आणि बहीण बी न्हाय," त्या तुळशीला पाणी घालता घालता म्हणाल्या. "आणि ह्यांना म्हातारपणी सगळं फुकट."

"मला काय फुकट?" अण्णा उसळले.

"एसटी!"

खरंच होतं ते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीत तिकीट पडत नाही. वाढदिवस झाल्यापासून अण्णा लेकीकडे पुण्याला इतक्या वेळा जाऊन आले की शेवटी लेकीनेच विचारलं, बाबा, आईशी काही बिनसलंय का?

"ते फुकट नव्हे," अण्णा म्हणाले. "पन्नास वर्षं एसटीला पूर्ण तिकीट मोजलंय. हा ज्येष्ठांचा मान आहे. आणि बाई, तुम्ही २०२३ पासून अर्ध्या तिकिटात माहेरी जाता, त्याला काय म्हणायचं?"

"महिला सन्मान," मी म्हणाले. योजनेचं नावच तसं आहे, माझा काय दोष!

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तसंच हे. आपल्याला मिळतो तो हक्क आणि शेजाऱ्याला मिळतं ते फुकट. आमच्या स्टाफरूममध्येही लाडक्या बहिणीवर रोज तोंडसुख घेतलं जायचं. मग सरकारी नोकरीतल्या काही बायकांनीही ते पैसे उचलल्याचं सरकारच्याच छाननीत निघालं. त्या दिवशी आम्ही सगळ्याजणी हवामानावर बोललो.

अण्णांचा खरा मुद्दा मात्र पैशांचा नाही, कष्टांचा आहे. तो सुरू झाला की त्यांना बहात्तर साल आठवतं. नुकतीच नोकरी लागलेली आणि ड्युटी माणच्या बाजूला दुष्काळी कामावर. उन्हात खडी फोडणारी माणसं, मांडीवर मस्टर, मुलांसाठी सुकडीचं वाटप. "आम्ही पैसे वाटले नाहीत बाई, काम वाटलं. मागेल त्याला काम. आपल्या सांगलीकडच्या वि. स. पाग्यांनी रोजगार हमीची योजना मांडली, ७७ साली तिचा कायदा झाला. देशाला पुढे २००५ साली सुचलं ते आपण केव्हाच केलं होतं."

"आणि त्याचे पैसे कुणी दिले?" मी विचारलं.

अण्णा खूश झाले. विद्यार्थ्याने अभ्यासाच्या बाहेरचा प्रश्न विचारला की मी होते तसे. "व्यवसाय कर! ७५ सालापासून. मुळात रोजगार हमीसाठीच बसवला तो."

माझ्या पगाराच्या स्लिपमध्ये दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. इतकी वर्षं मी त्या रकान्याला मनातल्या मनात बोल लावत आले. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून वर्षाला थोडे पैसे घ्यायचे आणि गावच्या माणसाला हक्काचं काम द्यायचं, असा तो हिशेब. "मग अण्णा, तेव्हाचे पगारदार काय म्हणायचे?"

अण्णांनी चष्मा पुसला. "म्हणायचे की, आमच्या पैशांवर लोक सावलीत बसून मस्टर भरतात. रस्ते कुठेच जात नाहीत म्हणायचे."

"काय खोटं हुतं त्यात?" काकू म्हणाल्या. "एक रस्ता तुमच्या सायबाच्या मळ्यापतोर गेलावता की."

काकूंना एकदा सुरुवात झाली की त्या थांबत नाहीत. तसं त्या दिवशी अण्णांचं झाकलेलं एक पानही उघडलं. अण्णा आमच्या पोराला सांगत होते की आमच्या वेळी साहेबाने म्हटलं बस की बसायचं, ऊठ की उठायचं, हक्काबिक्काची भाषा नव्हती. काकूंनी तांब्या खाली ठेवला.

"भाषा नव्हती? आणि चोपन्न दिस घरी बसलेला त्ये काय उपासाला?"

हा १९७७-७८ चा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप. डिसेंबरात सुरू झाला, फेब्रुवारीत संपला. केंद्राच्या कर्मचाऱ्यांइतका महागाई भत्ता हवा, ही मुख्य मागणी. र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली कारकून, शिपाई, मास्तर सगळे चोपन्न दिवस टिकले. काकूंचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. पहिली संक्रांत आली ती संपातच. हलव्याचे दागिने दूर राहिले, अंगावरच्या पाटल्या सराफाकडे गेल्या आणि काकूंच्या भावाने कोरेगावहून जोंधळ्याचं पोतं आणून टाकलं म्हणून चूल पेटली.

"आणि मामंजी काय म्हणाले त्ये सांगा की पोराला."

अण्णांचे वडील रयत शिक्षण संस्थेत घडलेले. कर्मवीरांच्या शाहू बोर्डिंगात, धननीच्या बागेत राहून शिकले, म्हणजे स्वतः राबून शिकले. पुढे रयतमध्येच मास्तर झाले. कमवा आणि शिका हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. हातातल्या घट्ट्यांवर लिहिलेलं होतं. सत्तावीस वर्षांचा मुलगा संपात घरी बसलेला बघून ते म्हणाले होते, "पंख्याखाली खुर्चीवर बसायचा पगार मिळतो आणि वर संप करता! आम्ही दगड फोडून शिकलो. तुमची पिढी काही कामाची नाही."

आमचा पोरगा एवढा हसला की भिंतीवरची कुंडी हलली. अण्णाही हसले, पण थोडं उशिरा.

एक मान्य करायला हवं, अण्णा संपावर गेले तेव्हा त्यांच्याकडे गमावण्यासारखी नोकरी होती. माझ्या वेळेपर्यंत ती झिजायला लागली होती. मी २००६ साली लागले ती शिक्षण सेवक म्हणून. तीन वर्षं महिना तीन हजार रुपयांवर काम, तेच वर्ग, त्याच निवडणुका, फक्त पगाराच्या जागी मानधन. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे रुजू झाल्यावर हेडमास्तरांनी चहा पाजून सांगितलं. आमच्या शाळेत माझ्या आधी तीन-चार वर्षं लागलेल्या एक बाई आहेत. डीएड एक, वर्ग एक, फळा एक. त्या निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मे घेणार आणि मी शेअर बाजार बघणार.

त्यामुळे २०२३ च्या मार्चमध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आम्ही संपावर गेलो तेव्हा अण्णांनी भिंतीवरून सलाम ठोकला होता. "मागे हटू नका बाई. आम्ही चोपन्न दिवस काढले." आमचा संप आठवड्याभरात मागे घेतला गेला हे ऐकून ते नाराजही झाले. पण मला लागलं ते वेगळंच. संपाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल उघडला तर पोराच्या स्टेटसला मजकूर, 'आम्हाला अर्ध्या पगारात, विनापेन्शन घ्या. उद्यापासून हजर होतो.' तेव्हा ते वाक्य सगळीकडे फिरत होतं. पण ते माझ्या घरातून, मी भरलेल्या रिचार्जवर फिरावं!

त्या संध्याकाळी भिंत मध्ये नसती तर काय झालं असतं कोण जाणे. पोरगं अण्णांच्या बाजूला जाऊन उभं राहिलं होतं.

"आई, तुझ्या विरोधात नाहीये ते," तो म्हणाला. "तू पेन्शनसाठी भांडतेस. मला आधी हजेरीपटावर नाव पाहिजे."

काही महिन्यांनी त्याने तलाठ्याचा फॉर्म भरला. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्या वर्गाला हजार, राखीवला नऊशे. मी गणिताची शिक्षिका, भिंतीवरच बोटाने मांडून दाखवलं की सगळ्यांची कमीतली फी धरली तरी नव्वद कोटींच्या वर जाते. एका जागेमागे दोनशेहून जास्त पोरं, म्हणजे आमच्या तालुक्यातलं एखादं हायस्कूल अख्खं बसवायचं आणि एकाला उचलायचं. निकाल लागला तेव्हा नॉर्मलायझेशनच्या कृपेने २०० पैकी २१४ गुण मिळालेला उमेदवारही निघाला. अण्णांनी ती बातमी दोनदा वाचली. महसूल खात्यात एवढी वर्षं काढून त्यांनी खूप हिशेब पाहिले होते, पण हा नव्हता पाहिला.

त्याच २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने बाहेरच्या नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरती करायचा आदेश काढला. ओरड झाली आणि ऑक्टोबरात तो रद्द झाला. आणि त्याच ऑक्टोबरात नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. अण्णांनी पेपरची घडी करून भिंतीवर आपटली. "हे खरं बोलले."

"आजोबा, मी करतोच की," पोरगा म्हणाला. "शनिवार-रविवारी मिळून चोवीस तास मोटारसायकलवर असतो. पण तुमच्या कचेरीला २०२० च्या फेब्रुवारीपासून पाच दिवसांचा आठवडा झाला, त्याचं काय?"

"तो मी निवृत्त झाल्यावर झाला, म्हणून चूक आहे," अण्णा म्हणाले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

राजकारणावर आलो की भिंतीची उंची वाढते. अण्णांची निष्ठा वारशाने आलेली. यशवंतराव आपल्या कराडचे, मग त्यांच्या बोटाला धरून आलेले पवारसाहेब. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात पवारसाहेब भर पावसात बोलले, तेव्हा अण्णा समोर खुर्ची डोक्यावर धरून उभे होते. पुढे आठवडाभर तापाने झोपले, पण ज्याला त्याला सांगत होते की मी होतो तिथे. आमचा पोरगा तेव्हा सतरा वर्षांचा, मतही नव्हतं. त्याने तोच पाऊस पंधरा सेकंदांचा करून स्टेटसला ठेवला, खाली गाणं लावून. अण्णा भिजले आणि याने शेअर केलं. दोघांनाही वाटलं, आपण राजकारणात भाग घेतला.

२०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली तेव्हा मात्र अण्णा दोन दिवस भिंतीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोराने हळूच विचारलं, "आजोबा, तुम्ही आम्हाला निष्ठा शिकवता. आम्ही सहा महिन्यांत नोकरी बदलली तर धरसोड. मग हे?"

"ते मोठे लोक," अण्णा म्हणाले.

"मोठे नव्हेत," काकू म्हणाल्या, "पर्मनंट."

अण्णांचा आवडता आरोप असा की आजची पोरं रस्त्यावर उतरत नाहीत, नुसती मोबाइलवर बोटं फिरवतात. तो मात्र टिकला नाही. माझा भाचा पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करत होता. ११ मार्च २०२१ ला परीक्षा तोंडावर आली असताना ती पुढे ढकलल्याचं पत्रक निघालं. संध्याकाळपर्यंत अभ्यासिकांतली पोरं-पोरी शास्त्री रोडवर बसली. कुणी बोलावलं नाही, कुणाचा झेंडा नाही. लगेच नवी तारीख मिळाली, २१ मार्च, आणि सगळे परत आपापल्या टेबलाशी.

"संघटना नाही, वर्गणी नाही, सरचिटणीस नाही," अण्णांना हे पटेना. "सरकारने बोलणी करायची कुणाशी?"

"म्हणून तर तारीख लगेच मिळाली," पोरगा म्हणाला. "बोलणी करायला कुणी असतं तर समिती नेमली असती."

या वाक्यावर अण्णा बराच वेळ विचार करत राहिले. मलाही तिथेच उमगलं. भांडणं या पोरांनाही येतं, पण एका संध्याकाळपुरतं. अण्णांच्या कचेरीत तीच माणसं, त्याच टेबलांवर, तीस तीस वर्षं बसलेली असायची. दर महिन्याला वर्गणीची पावती फाटायची. कोण कच खाणारा आणि कोण पक्का, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. चोपन्न दिवस निघाले ते त्या ओळखीवर. आमच्या पोराच्या शेजारी आज जो मोटारसायकल लावतो तो पुढच्या महिन्यात पुण्याच्या गोदामात असतो, त्यापुढच्या महिन्यात पोलीस भरतीच्या मैदानावर. त्यांची एकजूट टिकत नाही ती अंगात पाणी नाही म्हणून नव्हे, एका जागी कुणी त्यांना टिकूच देत नाही म्हणून. आणि सरकारनेही हे ओळखलं आहे. पूर्वी मागणी एकत्र व्हायची आणि मिळायचंही सगळ्यांना एकत्र. आता प्रत्येकाने आपापला आधार नंबर घेऊन आपापल्या रांगेत उभं राहायचं, आणि नाव कापलं गेलं तर आपापलं रडायचं.

जानेवारीत याचीच परीक्षा झाली. पोराच्या ॲपने अंतराचा रेट उतरवला. पाच किलोमीटरच्या ऑर्डरला आधी मिळायचे त्यापेक्षा बरेच कमी पडायला लागले. सगळ्यांनी ठरवलं की शनिवारी संध्याकाळी कुणी लॉगिन करायचं नाही. त्यांनी केलंही नाही. रविवारी दोघांचे आयडी ब्लॉक झाले. सोमवारी बाकीचे गुपचूप कामावर. आमचा पोरगा मान खाली घालून मोटारसायकल पुसत होता.

अण्णा भिंतीशी आले. ही पिढी कामाची नाही वगैरे काही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "निवेदन दिलंत का?"

"कुणाला देणार आजोबा? आम्ही कामगार नाहीच म्हणे, पार्टनर आहोत. मालकच नाही आम्हाला."

"माथाड्यांना कुठे होता?" अण्णांचा आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. "आज या पेढीत पोती उचलायची, उद्या त्या. एक मालक नाही, हजेरी नाही. त्यात गाव सोडून मुंबईला गेलेली कितीतरी माणसं आपल्याच जिल्ह्यातली. आपल्या पाटणच्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना उभं केलं. १९६९ साली कायदा आला. मंडळ झालं. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही भरायची. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. माल कुणाचाही असो, माणूस मंडळाचा! तेव्हाही व्यापारी म्हणत होते, हा आमचा माणूसच नव्हे."

पोराने फडकं खाली ठेवलं. मोबाइलवर दोन मिनिटं काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "आजोबा, नोव्हेंबरात ती सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली ना, त्यात आमचं नाव आहे. ॲपवाल्याने उलाढालीच्या एक ते दोन टक्के आमच्या सुरक्षेच्या निधीत भरायचे."

"मग झालं तर! कायदा आहे आणि तुम्ही गाडी पुसत बसलाय?" अण्णा आत गेले आणि फुलस्केप कागद घेऊन आले. पॅड भिंतीवर ठेवलं. त्यांचं अक्षर अजून छापल्यासारखं येतं. त्यांनी लिहिलं, 'प्रति,' आणि थांबले. "तुमचा साहेब कोण?"

"साहेब नाही. चॅट आहे."

"हुद्दा काय त्याचा?"

"बॉट आहे तो आजोबा. आपण काही लिहिलं की सॉरी म्हणतो."

"कचेरी? तालुक्याला, जिल्ह्याला?"

"ॲपमध्ये."

चोपन्न दिवस मुख्यमंत्र्यांशी झुंजलेला माणूस 'प्रति'च्या पुढे अडला होता. अण्णांना आयुष्यात साहेबाचा राग आला असेल, कंटाळा आला असेल, पण साहेब सापडत नाही अशी वेळ कधी आली नव्हती. त्यांनी पेन दोनदा झटकलं आणि ठामपणे लिहिलं, 'मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य. मार्फत, मा. जिल्हाधिकारी, सातारा.'

"याने काय होणार?" पोराने विचारलं.

"होणार काय ते पुढचं पुढे. आधी पंचवीस जणांच्या सह्या घे, नावापुढे गाडीचा नंबर टाका. आवक-जावकला दे, शिक्का मारून पोच घे. पोच असली की तुम्ही होता आणि तुम्ही मागितलं होतं, एवढं तरी कुणाला नाकारता येत नाही."

पोरगं सह्यांसाठी फोन लावायला लागलं. मला वाटलं गप्पा संपल्या. एवढ्यात मावशी हात पुसत भिंतीशी आल्या. इतका वेळ त्या नळापाशी होत्या, पण कान इकडेच.

"अण्णा, आमचं बी मंडळ हाय म्हनं. घरकामाच्या बायांचं."

"आहे की," अण्णा रंगात आले होते. "घरेलू कामगार कल्याण मंडळ. २००८ चा कायदा."

"मग माझा बी एक अर्ज लिवा. म्हैन्याला चार सुट्ट्या भरपगारी. आणि दिवाळीला एक म्हैन्याचा बोनस."

"अगदी रास्त मागणी," अण्णांनी दुसरा कागद ओढला, झोकात लिहिलं, 'प्रति,' आणि वर बघितलं. "कुणाच्या नावाने?"

"तुमच्या."

अण्णांचं पेन कागदावरच राहिलं. यावेळी साहेब सापडला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तातडीने डब्याची आठवण काढली, पण मावशी म्हणाल्या, "बाई, तुमचं बी नाव खाली हाय, प्रत माहितीसाठी."

"असं थेट नाही देता येत," अण्णा खाकरून म्हणाले. "अर्ज योग्य मार्गाने यावा लागतो. कुणाच्या तरी मार्फत."

"माझ्या मार्फत द्या," काकू ओट्यावरून म्हणाल्या. "आन् मावशे, शिक्का न्हाय माझ्याकडं, पण पोच मी देते."